ऑफिसच्या फाइल सर्व्हरवरचे फोल्डर बांधकामाच्या साइटवाल्यांना ब्राउझरमधून कसे द्यायचे?

कर्वेरोड_आयटी (मंगळवार, रात्री ११:१०)

मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा. स्ट्रक्चरल कन्सल्टन्सीचं ऑफिस आहे, कर्वे रोडला, ३८ माणसं, आणि आयटी डिपार्टमेंट म्हणजे मी एकटा (प्रिंटरमध्ये अडकलेला कागद पण मीच काढतो). विंडोज सर्व्हर २०१९, डोमेन आहे (सगळ्यांचे आयडी-पासवर्ड एका जागी), एकाच मशीनवर सगळे शेअर (नेटवर्कवर वाटलेले फोल्डर), प्रोजेक्ट्स, टेंडर, अकाउंट्स, एचआर. ऑफिसात सगळ्यांना पी ड्राइव्ह मॅप होतो, ज्याला जेवढी परवानगी तेवढंच उघडतं. हे सगळं बसवायला मला वर्षं गेलीत त्यामुळे त्याला हात लावायची अजिबात इच्छा नाहीये.

लोच्या साइटवाल्यांचा आहे. चाकण, रांजणगाव आणि एक बारामतीकडे, अशा तीन साइट चालू आहेत आणि ही पोरं ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर मागवतात. गेल्या महिन्यात कॉलमच्या ड्रॉइंगचं आर-४ (चौथं रिव्हिजन) सर्व्हरवर पडलेलं होतं आणि साइटवर आर-२ ची प्रिंट भिंतीला चिकटवलेली, फिटरने बिचाऱ्याने त्या प्रिंटप्रमाणे रिंगा बांधल्या, १५० च्या जागी २०० एमएमवर. शटरिंग लागायच्या आधी सर व्हिजिटला गेले म्हणून वाचलो, नाहीतर काँक्रीट पडलंच असतं. तेव्हापासून सरांचं एकच पालुपद, "जीमेल कसं कुठूनही उघडतं तसा आपला पी ड्राइव्ह उघडला पाहिजे."

मी काय केलं, एका वेगळ्या व्हीएमवर (सर्व्हरच्या आत चालणारं आभासी मशीन) आयआयएस, म्हणजे विंडोजचा वेब सर्व्हर, टाकलं, शेअरकडे बोट दाखवणारी व्हर्च्युअल डिरेक्टरी केली, डिरेक्टरी ब्राउझिंग चालू, विंडोज ऑथेंटिकेशन चालू. त्या व्हीएमवर बसून ब्राउझरमध्ये उघडलं तर सगळी यादी झक्कास दिसते. माझ्या टेबलावरच्या पीसीवरून उघडलं की तीनदा पासवर्ड विचारतो आणि मग ४०१ ("परवानगी नाही" असा एरर). पासवर्ड बरोबर आहे, शंभर वेळा बघून झालंय.

आमचा नेटवर्किंगवाला म्हणतो एवढा कुटाणा कशाला, राउटरवर ४४५ पोर्ट (विंडोजच्या फाइल शेअरिंगचा दरवाजा) बाहेरून फॉरवर्ड करतो, घरून पण ड्राइव्ह मॅप होईल. स्टॅटिक आयपी आहे आपल्याकडे. करू का?

---

भोसरी_एमआयडीसी

४४५ वाल्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

मस्करी नाही करत. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं ते याच दरवाज्यातून, एसएमबीच्या (विंडोज फाइल शेअरिंगच्या भाषेच्या) जुन्या व्हर्जनमधल्या भोकातून, आणि गंमत म्हणजे मायक्रोसॉफ्टने पॅच मार्चमध्येच दिलेला होता, दोन महिने लोकांनी टाकलाच नाही. आता तुम्ही म्हणाल माझा सर्व्हर अपडेटेड आहे, असेल, पण उद्या नवीन भोक सापडलं की पहिला नंबर उघड्या ४४५ वाल्यांचा. बऱ्याच इंटरनेट कंपन्या ते पोर्ट मधेच अडवतात ते उगाच नाही.

आता मला सांगा, साइटवाल्यांकडे लॅपटॉप आहे की फक्त मोबाइल? त्यांना नुसतं बघायचंय की अपलोड पण करायचंय? लॅपटॉपवाल्यांना सरळ वायरगार्ड (व्हीपीएनचं सॉफ्टवेअर, बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायचा सुरक्षित बोगदा) टाकून द्या, व्हीपीएन लागला की पी ड्राइव्ह आहे तसाच दिसतो, नवीन काही शिकवायला नको. आमच्याकडे बारा जण असेच चालवतात.

---

कर्वेरोड_आयटी

@भोसरी_एमआयडीसी ४४५ कॅन्सल, कळलं. लॅपटॉप फक्त तिघांकडे, बाकी सगळे मोबाइलवाले. मोबाइलवर व्हीपीएन करून बघितला मागे, पोरं चालू करायला विसरतात आणि मग "सर्व्हर डाऊन आहे" म्हणून मलाच फोन. बघायचं मुख्य, पण साइटचे फोटो आणि चेकलिस्ट वर चढवायच्या आहेत.

---

नेटवेअर_काका

तुमचं आयआयएस बिघडलेलं नाहीये. याला डबल हॉप म्हणतात, आणि तुम्ही दिलेलं लक्षण अगदी पुस्तकी आहे, सर्व्हरवर बसून चालतं, लांबून चालत नाही.

असं समजा, सोसायटीच्या गेटवर वॉचमनने तुमचं ओळखपत्र बघितलं आणि आत सोडलं. आता तुम्ही त्यालाच म्हणालात की चौथ्या मजल्यावरून माझ्या नावावर किल्ली घेऊन ये. त्याने ओळखपत्र फक्त बघितलंय, त्याच्या हातात ते नाहीये, त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या बाई त्याला दारातूनच परत पाठवणार. आयआयएसचं तेच झालंय. तुमचा पासवर्ड त्याच्यापर्यंत कधी आलाच नाही, नुसतं "हा माणूस खरा आहे" एवढं त्याला कळलं, आणि पुढे फाइल सर्व्हरकडे तुमच्या नावाने जायची त्याची लायकी नाही. त्या व्हीएमवर स्वतः बसता तेव्हा एकच उडी असते म्हणून चालतं.

उपाय दोन. एक म्हणजे कर्बरोस (डोमेनची ओळख पटवायची पद्धत) डेलिगेशन, डोमेनमध्ये सांगून ठेवायचं की हा वेब सर्व्हर त्या फाइल सर्व्हरकडे, आणि फक्त त्याच्याकडेच, युजरच्या नावाने जाऊ शकतो. सर्व्हर २०१२ पासून ते फाइल सर्व्हरच्या बाजूनेच सांगता येतं, आधीपेक्षा पुष्कळ सोपं झालंय. दुसरा म्हणजे एचटीटीपीएस (मधे कोणाला वाचता न येणारं कनेक्शन) लावून बेसिक ऑथेंटिकेशन, तिथे पासवर्ड खरोखर आयआयएसच्या हातात येतो आणि तो पुढे वापरता येतो. पण एचटीटीपीएस नसेल तर बेसिक म्हणजे पोस्टकार्डावर पासवर्ड लिहून पाठवणं. आणि तिसरा एक उपाय तुम्हाला कोणीतरी सुचवेल, की एक "वेबयुजर" अकाउंट करून त्याच्याच नावाने सगळं वाचू द्या. तो करू नका, एचआरचा पगाराचा फोल्डर चाकणला दिसायला लागेल.

पण खरं सांगू का, ४०१ सुटला तरी पुढे आयआयएस छळणारच. "बिन" नावाचा फोल्डर असेल कुठे तर तो उघडणार नाही, ४०४ देईल, कारण त्याच्या लेखी ते नाव प्रोग्रामचं राखीव. नावात अधिकचं चिन्ह असलेली फाइल, तीच गत. डीडब्ल्यूजी (ऑटोकॅड ड्रॉइंगची फाइल) हे एक्स्टेन्शन त्याच्या यादीतच नाही, ते हाताने घालावं लागतं, नाहीतर फाइल समोर दिसते आणि क्लिक केली की "सापडली नाही". डिरेक्टरी ब्राउझिंगमध्ये अपलोड नाहीच, त्याला वेबडॅव्ह (वेबवरून फाइली चढवायची-उतरवायची पद्धत) लागतं, तिथे अपलोडची मर्यादा मुळात ३ कोटी बाइट, आणि विंडोजमधून तेच वेबडॅव्ह ड्राइव्हसारखं जोडलं तर ५ कोटी बाइटच्या वरची फाइल उतरत नाही, रजिस्ट्रीत आकडा बदलेपर्यंत. त्यात २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते जोडणारी वेबक्लायंट सर्व्हिस डेप्रिकेट केली, म्हणजे मोडीत काढायला घेतली. त्यामुळे आता त्या वाटेने नव्याने जाऊ नये असं माझं मत.

बाय द वे हे सगळं आम्ही नेटवेअर ६.५ वर (नॉव्हेलची जुनी सर्व्हर सिस्टीम) केलेलं आहे, नेटस्टोरेज नावाचा प्रकार होता, ब्राउझरमध्ये लॉगिन केलं की तो युजरची लॉगिन स्क्रिप्ट वाचून तेच मॅप केलेले ड्राइव्ह समोर मांडायचा. असो, म्हातारपणाच्या गोष्टी.

---

ड्राइव्हवर_टाका

एवढं महाभारत? सगळं गूगल ड्राइव्ह नाहीतर शेअरपॉइंटवर टाका आणि मोकळे व्हा. २०१९ चा सर्व्हर कोण सांभाळतं आता.

---

कर्वेरोड_आयटी

@ड्राइव्हवर_टाका दोन क्लायंटच्या करारात लिहिलंय ड्रॉइंग बाहेर ठेवायची नाहीत. आणि ४ टीबी आहे. आणि सरांना पटवायला तुम्ही येणार असाल तर या, चहा माझ्याकडून.

---

पेठेतला_पेंग्विन

काकांनी रोगाचं निदान केलंय, मी औषध सांगतो. नेक्स्टक्लाउड, म्हणजे आपल्याच सर्व्हरवर चालणारं गूगल ड्राइव्हसारखं सॉफ्टवेअर. फाइली तिथे *हलवायच्या नाहीत*, हे आधी डोक्यात पक्कं करा, कारण लोक इथेच घोळ घालतात, ४ टीबी कॉपी करत बसतात आणि मग दोन ठिकाणी दोन रिव्हिजन. तुमचा तर आजारच तो आहे.

हायपर-व्हीवर (विंडोजची व्हीएम चालवायची सोय) एक उबुंटू लिनक्सची व्हीएम, त्यावर नेक्स्टक्लाउड. त्यात "एक्स्टर्नल स्टोरेज" नावाचं ॲप सोबतच येतं, फक्त बंद असतं, ते चालू करा. युजर एलडॅपमधून (डोमेनची युजर यादी वाचायची पद्धत) घ्या म्हणजे डोमेनचाच आयडी-पासवर्ड चालतो. मग एसएमबी शेअर जोडताना ऑथेंटिकेशनमध्ये "लॉगिन क्रेडेन्शियल्स, सेव्ह इन सेशन" निवडा. सगळी गोम या एका ड्रॉपडाउनमध्ये आहे. हे निवडलं की चाकणचा पोरगा लॉगिन करतो तेव्हा नेक्स्टक्लाउड त्याच्याच नावाने, त्याच्याच पासवर्डने फाइल सर्व्हरकडे जातं, आणि काय दाखवायचं काय नाही ते तुमचा विंडोज सर्व्हर ठरवतो. तुम्ही लावलेल्या परवानग्या जशाच्या तशा, दुसरीकडे परत काही लावायचं नाही. बदल्यात त्या फोल्डरमधून लिंक काढून बाहेर शेअर करता येत नाही, कारण युजर लॉगिन नसताना पासवर्ड आणणार कुठून. तुमच्या केसमध्ये ते चांगलंच.

फाइलब्राउझर नावाचं एक छोटं टूल आहे, एकच फाइल चालवली की झालं, दिसायला फार गोड, पण ते सगळ्या फाइली एकाच अकाउंटच्या नावाने उघडतं आणि युजर त्याचे स्वतःचे वेगळे. म्हणजे तुमची सगळी मेहनत पाण्यात, परवानग्या परत पहिल्यापासून. घरी सिनेमे ठेवायला ठीक.

अजून एक करा, शेअरवर ॲक्सेस बेस्ड एन्यूमरेशन चालू करा, सर्व्हर मॅनेजरमध्ये शेअरच्या सेटिंगमध्ये एक टिक आहे. मग ज्या फोल्डरवर हक्क नाही तो दिसतच नाही. नाहीतर ब्राउझरमध्ये "एचआर" असं दिसतं, क्लिक केलं की एरर, आणि मग लोकांना उगाच वाटतं आत काहीतरी भारी आहे.

प्रोजेक्ट्सचा शेअर मात्र जोडताना "रीड ओन्ली" टिक करा आणि अपलोडला "आवक" म्हणून वेगळा शेअर द्या. का ते सांगतो. ऑफिसात कोणी ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग उघडलं की शेजारी डीडब्ल्यूएल फाइल तयार होते, दुसऱ्याने उघडलं की त्याला कळतं अमक्याकडे उघडी आहे. ब्राउझरमधून उतरवून घेतलेल्या फाइलला असलं काही नाही. साइटवरच्या माणसाने सकाळी उतरवली, दुपारी टेप घेऊन मापं बदलली, संध्याकाळी परत चढवली, मधल्या वेळात ऑफिसने आर-५ केलेलं, गेलं ते. बाहेरचं लिहिणं वेगळ्या फोल्डरमध्ये पडू दे, कोणीतरी माणसाने बघून आत घ्यावं.

आणि डीडब्ल्यूजी ब्राउझरमध्ये उघडत नाही हो. पीडीएफ ठेवावीच लागेल.

---

सीए_ऑफिसवाली

आमच्याकडे हाच सेटअप आहे (लक्ष्मी रोडजवळ, लोक कमी, फाइली जास्त). पेंग्विनदादांनी सांगितलं ते बरोबर, पण मराठी नावांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय.

आमच्या फोल्डरांची नावं मराठीत, "दुसऱ्या तिमाहीचे चलन" वगैरे. एक फोल्डर ऑफिसात दिसायचा आणि ब्राउझरमध्ये गायब, आम्ही चार दिवस परवानग्या उचकत बसलो. शेवटी कळलं की तो फोल्डर एका क्लायंटच्या जुन्या मॅकवरून झिप होऊन आलेला, आणि तिकडे "ऱ" हे एक अक्षर न राहता र आणि खाली नुक्ता असे दोन तुकडे झालेले. डोळ्याला काडीचा फरक दिसत नाही. नेक्स्टक्लाउडला ते नाव पसंत पडत नाही आणि तो गुपचूप वगळतो. एक्स्टर्नल स्टोरेजच्या तीन टिंबांच्या मेनूत "मॅक एनएफडी" अशी टिक आहे, ती लावली की दिसतं, पण कंसात स्लो लिहिलंय ते खरंच स्लो आहे, मग आम्ही टिक काढली आणि नावच बदललं. वर काही जण र्‍य टाइप करताना र आणि हलन्तानंतर न दिसणारा जॉइनर टाकतात, तो तिसराच प्रकार, तो दिसतो पण सर्चमध्ये सापडत नाही.

नासवर (नेटवर्कवरचा साठवणीचा डबा) बॅकअप घेत असाल तर लांब मराठी नावं आधी शोधा. विंडोजवर नाव २५५ अक्षरांचं चालतं, लिनक्सवाल्या नासवर २५५ *बाइट*, आणि देवनागरीचं एकेक अक्षर ३ बाइट खातं, काना-मात्रा वेगळी मोजायची, म्हणजे ८५ ला खेळ खल्लास. आमच्या सरांना फाइलच्या नावातच पूर्ण हकीकत लिहायची सवय आहे.

आणि शॅडो कॉपी (विंडोज फाइलींच्या जुन्या प्रती राखून ठेवतं ते) चालू केल्यात का? केल्यात तर शेड्यूल उघडून बघा, विंडोज आपण होऊन सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ आणि दुपारी १२ असं लावतो. शनिवार नाही! आपल्याकडे शनिवारी अर्ध्या पुण्याची ऑफिसं चालू. आमची एक एक्सेल शनिवारी दुपारी उडाली होती, परत मिळाली ती शुक्रवार दुपारची.

---

भोसरी_एमआयडीसी

ताई, शनिवारवालं मला पण माहीत नव्हतं, आत्ता उठून बघितलं, आमच्याकडे पण तेच 🙈

---

कर्वेरोड_आयटी (तीन आठवड्यांनी)

रिपोर्ट द्यायला आलो. चालू झालं.

पेंग्विनने सांगितलं तसंच केलं, सेशन क्रेडेन्शियल, प्रोजेक्ट्स रीड ओन्ली, आवक वेगळा. पहिल्यांदा मोठा फोल्डर उघडताना घोडं पेंड खातं, दुसऱ्यांदापासून ठीक. रांजणगावच्या पोराने मोबाइलवर लॉगिन केलं आणि त्याला फक्त त्याच्याच साइटचा फोल्डर दिसला तेव्हा मला, काय सांगू, घरचा गणपती बसल्यासारखं वाटलं.

अडचणी ज्या आल्या त्या लिहून ठेवतो, कोणाच्या उपयोगी पडतील. बाहेरून चालायचं आणि ऑफिसच्या वायफायवर असलं की चालायचं नाही, उलटंच. राउटरला बाहेर जाऊन स्वतःच्याच दारातून परत आत येता येत नव्हतं, मग आतल्या डीएनएसमध्ये त्याच नावाला आतला आयपी दिला, मिटलं. आवकमध्ये फोटो चढवताना ४१३ ("फाइल फार मोठी") यायचा, समोर एन्जिनएक्स (बाहेरच्या विनंत्या आत पोचवणारा प्रॉक्सी) लावलाय त्याची मर्यादा मुळात १ एमबी असते, आजकालचा एक फोटोच चार-पाच एमबीचा.

आणि सोमवारी सकाळी साडेनऊला अख्ख्या ऑफिसचं लॉगिन संथ, एकेकाला पंचवीस-पंचवीस सेकंद. सगळे माझ्या टेबलाभोवती. झालं होतं असं की बारामतीला दोघं-तिघं चुकीचा पासवर्ड मारत बसलेले, नेक्स्टक्लाउडने ठरवलं कोणीतरी पासवर्ड फोडतंय आणि त्या आयपीला मुद्दाम हळू केलं. बरोबरच केलं, पण मी समोरच्या प्रॉक्सीचा आयपी "ट्रस्टेड प्रॉक्सी"मध्ये लिहायला विसरलो होतो, त्यामुळे त्याला बारामती काय आणि कर्वे रोड काय, सगळे त्या एकाच आयपीवरून आलेले दिसत होते. एक ओळ लिहिली, सगळं ठीक.

---

नेटवेअर_काका

छान. आता ते लॉगिनचं पान जगाला उघडं आहे, तेव्हा ओटीपीवालं टू फॅक्टर लावा. आणि डोमेनमध्ये लॉकआउट पॉलिसी काय आहे बघा. पाच चुकीला लॉक असेल तर बाहेरचा कोणीही सरांचा आयडी टाकून पाच वेळा काहीतरी बडवेल आणि सर ऑफिसात बसून लॉक. टू फॅक्टर असला तरी, कारण तो पासवर्डनंतर विचारतो.

---

कर्वेरोड_आयटी

काका, टू फॅक्टर लावलंय, लॉकआउट ३ वर होतं, १५ केलं, आपोआप उघडायची वेळ पण ठेवली. आयडी "आडनाव.नाव" असे अंदाज लावण्यासारखे आहेत हे मात्र खरं, ते आता बदलणं शक्य नाही.

एकच राहिलंय. गुरुवारी लाइट जाते. मागच्या गुरुवारी दहा ते दोन गेली, यूपीएसने चाळीस मिनिटं ओढलं आणि चाकणवाल्याचा फोन, "दादा, आर-५ उघडत नाहीये." बिल्डिंगला जनरेटर आहे, पण तो फक्त लिफ्टला आणि जिन्यातल्या दिव्यांना. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं एक पॉइंट सर्व्हरला द्याल का, तर म्हणाले लेखी अर्ज द्या, पुढच्या मीटिंगमध्ये ठेवू.

---

पेठेतला_पेंग्विन

मीटिंग कधी आहे?

---

कर्वेरोड_आयटी

गुरुवारी 😐